मुका रेडिओ

हिंगणघाटच्या गिरणीतल्या अबोल डोमाजीनं भंगारातून रेडिओचा नुसता सांगाडा आणला. आळीतला पहिलाच रेडिओ! दिव्यासारखे काचेचे व्हॉल्व्ह एकेक करून जमले, पेटलेही. स्पीकर तेवढा मिळेना. उजेड पडतो, आवाज नाही, म्हणून शेजारी त्याला मुका रेडिओ म्हणत. अखेर ऐन थंडीत नागपुरात स्पीकर सापडला. पिशवी छातीशी धरून डोमाजी घरात शिरला, तर रेडिओ चालू आणि त्यावर फडक्यात गुंडाळलेलं दह्याचं मडकं. तो मडकं उचलायला धावला, तशी बायको आडवी आली. “हलवू नका! थंडीचं दही लागत नाई, याच्या उबीनं झकास लागते. म्हणू द्या लोकायले मुका. बोलत नाई, पण ऊब देते. तुमच्यावानीच.” डोमाजी मिशीत हसला. एवढ्यात शेजारचा नथ्थू दारात आला. “काय डोमाजी, भेटला का स्पीकर?” पिशवी कणगीमागं सरकवत डोमाजी म्हणाला, “नाई भेटला ना बाप्पा!”