सव्वीस पावलं

“आता जे सांगतो, त्यावर तुमच्यातला एकही विश्वास ठेवणार नाही,” मिस्तरीकाका म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

कोणी ठेवणारही नव्हतं. मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत चौतीस वर्षं काढलेला हा म्हातारा तीन महिने दर बुधवारी या ऑफिसात यायचा आणि थापांचं पोतं रिकामं करून जायचा. वादळात जहाज उलटं झालं आणि तीन मैल तसंच चाललं, स्वयंपाकी छतावर उभा राहून सूप ढवळत होता. इंजिन रुसलं की काकांनी शीळ घालायची, लगेच सुरू. पोरं पोट धरून हसायची आणि लेखिका टिपून घ्यायची. इथे कॉम्प्युटरवरचा एक खेळ तयार होत होता: ताऱ्यांमधून निघालेलं यान, त्यातली माणसं आणि खेळणाऱ्याने घ्यायचे निर्णय. कथा लेखिकेची. यानाची इंजिनखोली मात्र तिने काकांकडून उचलली होती.

त्या पोत्यातली एकच गोष्ट सगळ्यांना खरी वाटली होती, कारण तिला कुठे फुगवटा नव्हता. जहाजाला भोक पडलं, इंजिनखोलीत पाणी घुसलं. दाराचा दांडा काकांच्या हातात, आणि आत पार टोकाला त्यांचा जोडीदार, इंजिनाला तेल घालणारा तेलवाला. काका थांबले. तो आला. मग दार लावलं. संपलं.

लेखिकेने पाणी काढून वारा घातला. फुटलेल्या यानातून हवा सुसाट बाहेर पडते आणि धावणाऱ्याचे पाय मागे ओढते. आकडे तिने काकांचेच ठेवले. घंटा झाल्यापासून पंधरा सेकंदांत दार लागायला हवं, नाहीतर सगळे खलास. टोकापासून दारापर्यंत सव्वीस पावलं. खेळणाऱ्यासमोर दोन पर्याय: ‘दार लाव’ किंवा ‘थांब’.

त्यातला ‘थांब’ आज काढून टाकायचं ठरत होतं. ते कानावर आलं म्हणून काका बुधवारची वाट न बघता धावत आले होते.

“काढताय कसे? अहो, तो माणूस जिवंत आहे. घड्याळं दुरुस्त करतो. दोन मुली, धाकटी डावखुरी. मला अजून पत्रं पाठवतो, अक्षर इतकं गचाळ की पोस्टमनलाच वाचून दाखवावं लागतं. आता बोला.”

लेखिका हसली. गोचीड हसली नाही.

गोचीड म्हणजे खेळ तपासणारी मुलगी. प्रत्येक वाट पुन्हा पुन्हा खेळून ती कुठे मोडते ते शोधायचं, हे तिचं काम. एकदा चिकटली की सुटत नाही, म्हणून हे नाव, आणि तिला ते आवडायचंही.

“तुम्हीच बघा, काका.” तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. अरुंद बोळ, लाल दिवा, टोकाला तेलवाला. तिने ‘थांब’ दाबलं. तो धावत सुटला. पडदा काळा झाला. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा काळा.

“असं नाही. तो उंबऱ्याशी येईपर्यंत थांबायचं आणि अगदी शेवटच्या क्षणाला दार ओढायचं.”

तिने पंधराव्या सेकंदापर्यंत थांबून दार ओढलं; तो अजून मागेच होता. यान वाचलं. बंद दारावर आतून ठोके पडायला लागले, आधी भराभर, मग एकेक.

“आवाज बंद कर तो,” काका म्हणाले.

तिने बंद केला.

“पोरी, तुझ्या यंत्राला काय कळतंय? जिवावर आलं की माणूस वाऱ्यासारखा पळतो.”

“पळतोच आहे तो. तुम्ही गुडघाभर पाणी सांगितलंत, तेवढाच अडवलाय.”

लेखिकेला म्हाताऱ्याचा चेहरा बघवेना. “मी काय म्हणते, पावलं कमी करू या. कितीवर जमतं ग?”

“अठरा.”

“मग अठराच असतील, काका. इतकी वर्षं झाली, चुकतं माणसाचं. तुम्ही नुसतं हो म्हणा, पर्याय राहिला म्हणून समजा.”

इतकी सोपी थाप काकांना आजवर कोणी ताटात वाढून दिली नव्हती. उलट्या जहाजात सूप शिजवणाऱ्याला आठ पावलं गिळणं काय जड होतं? एकदा अठरा म्हटलं की घड्याळवाला जगणार होता, दोन्ही मुलींसकट. त्यांनी तोंड उघडलं. ओठ ‘अ’ला आले आणि तिथेच अडकले.

“सव्वीस,” ते म्हणाले.

“नक्की?”

“मोजलीत मी.”

“त्या धांदलीत?” लेखिकेने विचारलं.

“नंतर. पाणी उपसल्यावर.”

 लेखिकेचं पेन कागदावर टेकलेलं होतं तिथेच राहिलं. काकांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि घाईघाईने हसले.

“म्हणजे आम्ही दोघांनी मिळून मोजली हो. तो पुढे, मी मागे. तो म्हणतो पंचवीस, मी म्हणतो सव्वीस, आणि तेवढ्यात कप्तान...”

“काका.” गोचीडने आवाज चढवला नाही. “चारशे अकरा वेळा खेळले मी. तो बाहेर येईपर्यंत थांबणारा एकदाही वाचलेला नाही. आणि तुम्ही माझ्यासमोर बसलाय.”