वाट चुकलेली इर्जिक

ढोल ओढ्यापाशी खाली वळायला हवा होता. तो वर वळला.

मेरिल्यूस दाराआडून बघतच राहिला. आज इर्जिकीची, म्हणजे सगळ्यांनी मिळून राबायची, पाळी खालच्या शेतातल्या सेलियानची, हे अख्ख्या डोंगराला ठाऊक होतं. तरी पुढे ढोलवाला ओगिस्तें, त्याच्यामागे शंख फुंकणारा, आणि त्यामागे कुदळी खांद्यावर टाकलेली पंचवीस माणसं थेट मेरिल्यूसच्या उतारावर येऊन थांबली. कुणीतरी तीन काठ्यांची, ओळंबा सोडलेली कैची मातीवर टेकवली. पातळी धरली. खुंट्या ठोकल्या. आणि खुंट्यांच्या ओळीने दगडी बांध रचायला सुरुवात झाली.

मेरिल्यूसने हाक मारायला तोंड उघडलं. मग मिटून घेतलं.

त्याची जमीन उभ्या उताराची. दर पावसाळ्यात मातीचा एक थर खाली वाहून जायचा आणि मका वीतभर बुटका व्हायचा. गेल्या वर्षीची कणसं तर अंगठ्याएवढी. यंदाही तसंच झालं, तर दारातला आंबा तोडून कोळशाच्या भट्टीत घालावा लागणार होता. हैतीच्या डोंगरांवर अशी झाडं मोजकीच उरली होती, आणि या झाडाखाली त्याच्या लेकीची नाळ पुरलेली होती. बांध हवेत, हे त्यालाही कळत होतं. एकट्याने तीन वर्षांत दीड बांध झाला होता. इर्जिकीत मात्र तो जात नसे. “पंचवीस जणांच्या शेतात राबायचं, तेव्हा कुठे एकदा आपली पाळी! त्यापेक्षा मी आणि माझी कुदळ बरी,” असं भर बाजारात सांगायचा.

“अरे, जाऊन सांग ना त्यांना, शेत चुकलंय म्हणून,” त्याची बायको ओदेत कुजबुजली.

“मी झोपलोय,” मेरिल्यूस म्हणाला.

बाहेर गाणं रंगात आलं. “ऊन चढलं डोक्यावर, धनी अजून खाटेवर!” एकाने ओळ टाकली की पंचवीस जण ती उचलत आणि पंचवीस कुदळी एकदम पडत. मेरिल्यूस खाटेवर बसून मनातल्या मनात बांध मोजत होता. चार. पाच. दुपारपर्यंत सात झाले.

तेवढ्यात डोक्यावर हंडा घेऊन सेलियान धापा टाकत वर आली. डोंगरावर शेजारणीला ‘कोमे’ म्हणत आणि शेजाऱ्याला ‘कोंपे’.

“अरे देवा! हे काय करून बसलात रे? माझं शेत ते खाली!”

“धुकं होतं, कोमे,” ओगिस्तें डोकं खाजवत म्हणाला. सकाळपासून आभाळ लख्ख होतं.

आता मेरिल्यूस जांभई देत बाहेर आला. चेहरा पाडायचा त्याने फार प्रयत्न केला. पण ओठांचे कोपरे काही खाली येईनात.

“कोमे सेलियान, तुझी पाळी गेली गं वाया. आता बस वर्षभर वाट बघत.”

“नशीब माझं, कोंपे. पण रांधलेलं तरी वाया कशाला घालवू? ये, बस तूही.”

तिने त्याला सगळ्यांत मोठं ताट वाढलं. मक्याचा घट्ट सांजा, वर काळ्या घेवड्याची आमटी, खारवलेल्या मासळीचा रस्सा. चौथ्या घासाला मेरिल्यूसच्या लक्षात आलं की सगळे जेवायचे थांबून त्याच्याकडेच बघताहेत. ज्याच्या शेतात इर्जिक राबली आणि जो तिच्या हंड्यातलं जेवला, तो इर्जिकीतला. डोंगराचा हा रिवाज कुणीही मोडत नाही.

“मंगळवारी ओढ्यापलीकडे,” ओगिस्तें म्हणाला. “कुदळ घेऊन ये, कोंपे.”

मेरिल्यूसचं तोंड भरलेलं होतं. नाही म्हणता आलं नाही.

मंगळवारी तो कुरकुरत गेला. पुढच्या मंगळवारी कमी कुरकुरला. तिसऱ्या खेपेला गाण्याची ओळ त्यानेच टाकली, आणि तीही ओगिस्तेंच्या पोटाच्या घेरावर.

एप्रिलात तीन दिवस पाऊस कोसळला. चौथ्या दिवशी मेरिल्यूस शेतात धावला. प्रत्येक बांधामागे काळी माती थबकून बसली होती. पाणी मात्र नितळ होऊन खाली निघालं होतं. त्याने खाली पाहिलं. दर वर्षी या वेळेला सेलियानचा घेवडा चिखलात गाडलेला असायचा. त्याच्याच शेताच्या चिखलात. यंदा घेवडा ताठ उभा होता. सेलियान आपल्या पिकाकडे बघतच नव्हती. कमरेवर हात ठेवून ती त्याच्या बांधांकडे बघत होती. मग भाताचं शीत दाबून बघणाऱ्या बाईसारखी तिने मान डोलावली.

मेरिल्यूस तडक खाली गेला.

“तू मुद्दाम वर पाठवलंस त्यांना.”

“मग? माझ्या शेतात शंभर बांध घातले असते, तरी तुझ्या चिखलाने गाडलेच असते.”

“सरळ सांगायचंस की!”

“सरळ सांगितलं असतं, तर ऐकलं असतंस, कोंपे?”

मेरिल्यूस रागावायच्या बेतात होता. पण त्याला हसूच फुटलं, आणि ते बराच वेळ आवरेना.

ऑगस्टात मका त्याच्या डोक्यावर गेला. आंब्याला कुऱ्हाड लागली नाही.

पुढच्या फेब्रुवारीत मेरिल्यूसची स्वतःची पाळी आली. आदल्या दिवशी ओगिस्तें विचारायला आला, “उद्या तुझ्या शेतात कुठून सुरुवात करायची?”

मेरिल्यूस वर बघत होता. वर एलिफेतचा उघडाबोडका उतार होता. गेल्या पावसात तिथला चिखल मेरिल्यूसच्या पहिल्या बांधावरून पलीकडे आला होता. एलिफेत तर इर्जिकीचं नाव काढलं तरी थुंकायचा.

मेरिल्यूसने घराकडे तोंड करून हाक दिली, “ओदेत, उद्या हंडा मोठा घे गं. एलिफेत दोन माणसांचं जेवतो.”