शेजारचा पट्टा

“काका, ही ट्रेडमिल आहे. इथं कुणी कुणाच्या पुढं जात नाही,” व्यायाम घेणाऱ्या मॅडम रोज समजावायच्या.

शेताच्या बांधावरून भांडलेले शेलार आणि गुरव बायपासनंतर हृदयरुग्णांच्या एकाच व्यायामवर्गात आले होते. बोलणं बंदच होतं. शेलार पाणी प्यायला थांबले, की गुरव मॅडमना म्हणायचे, “त्याला सांगा, मागं पडला.”

आज शेलारांचं मशीन रिकामं होतं.

“छातीत दुखतंय म्हणून पुन्हा ॲडमिट केलंय. येतील आठवड्यानं,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही चालायला लागा.”

गुरव पट्ट्यावर चढले, शेजारच्या मशीनकडे बघून पुन्हा खाली उतरले आणि खुर्चीत बसले.

“आज नको,” ते म्हणाले. “मी फार पुढं गेलो, तर मला गाठायला तो पळेल. त्याला पळायला बंदी आहे.”