करड्या पतंगाचा डाव

तालमीत जोतीरामची पाठ आजवर कुणी मातीला लावली नव्हती, पण बी. एस्सी.च्या तोंडी परीक्षेत गडी दोनदा आडवा झालता. ह्या खेपेला बापानं बजावलंच होतं, "आता नापास झालास तर कॉलेज बंद. गुमान मलकापूरला ये आणि म्हशी राख."

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी टाचणीला टोचलेला एक करडा पतंग त्याच्यापुढं सरकवला. "बोला पैलवान, वटवाघळाचा आवाज कानावर पडला की हा जीव कसा वाचवतो?"

जोतीरामला काय बी आठवंना. पतंगाच्या जागी बापाच्या म्हशी दिसाय लागल्या. डोळं फिरलं आणि नव्वद किलोचा गडी धाडदिशी फरशीवर उताणा पडला.

शिपाई केरबा पाण्याचा तांब्या घेऊन धावला. "सायेब, पोरगं गेलं की वो!"

परीक्षक मात्र खुशीत पेनाचं टोपण काढत होते.



"थांब, उठवू नकोस त्याला! पतंगसुद्धा अगदी अस्साच मेल्यासारखा खाली पडतो. पूर्ण मार्क!"