न लागणारं दही

"दिवे लागल्यावर विरजण देत नसतेत, मॅडम," आशाबाईंनी दारातच सांगून टाकलं.

हिमानी रिकामी वाटी घेऊन तशीच उभी राहिली. मे महिन्याचा उकाडा, आणि बाईसाहेब खांद्यावर शाल घेऊन समोरच्या दारी दही मागायला आलेल्या. उशीर झाला तो त्या शालीमुळेच. औरंगपुऱ्यातल्या एका सभागृहात आज तिचा सत्कार होता. निवेदकानं तिची सगळी कारकीर्द वाचून दाखवली. बीएस्सी इथलीच. पीएचडी हैदराबादची, विषय दुधातली प्रथिनं. मग जर्मनीत संशोधन, प्रथिनाचा लांब धागा घड्या पडत पडत आकाराला कसा येतो यावर. आणि आता इथंच विद्यापीठात प्राध्यापक. टाळ्या झाल्या. आपलं अख्खं आयुष्य एका दमात वाचून होतं, याचं हिमानीला नवल वाटलं. चहा न घेताच ती निघाली. "भैया, जल्दी," असं रिक्षावाल्याला सारखं म्हणत राहिली, पण औरंगपुऱ्याची गर्दी काय सत्कारमूर्तीला ओळखते! पुंडलिकनगरात पोचेपर्यंत आशाबाईंच्या देवघरात दिवा लागून गेला होता.

"चमचाभरच द्या ना, काकू."

"अहो, चमचाभर काय न् वाटीभर काय. लक्ष्मी जाती घरातून." मग त्यांचं लक्ष खांद्याकडे गेलं. "ही शाल कशाची?"

"सत्कार होता. दुधातल्या प्रथिनांवर काम केलं म्हणून."

आत टीव्हीसमोर बसलेले आशाबाईंचे यजमान, तात्यासाहेब, खो खो हसले. "दुधावरच्या कामाचा सत्कार, आन् घरी दही लागंना! नाव सोनूबाई आन् हाती कथलाचा वाळा!"

हिमानीही हसली. ही चेष्टा तिच्या सवयीची होती, खरं तर आवडीचीही. होळीपासून ती रोज संध्याकाळी वाटी घेऊन येत होती आणि रोज एकच तक्रार, काकू, दही लागलंच नाही. आशाबाई रोज नवं कारण शोधून काढत. दूध लई तापलेलं असंल. भांडं हललं असंल. झाकण उघडून सारखं बघत असाल, तुम्हा शिकलेल्या लोकांना लई घाई. हिमानी मान हलवून सगळं ऐकून घेई. मग गोष्ट दह्यावरून आशाबाईंच्या चिकलठाण्याच्या लेकीवर जाई, तिथून गुडघ्यांवर, तिथून तात्यासाहेबांच्या शुगरवर. दिवसभरात कामाशिवाय तिच्याशी कुणी बोलत असेल तर ते एवढंच. विभागातले विद्यार्थी कानात इअरफोन घालून काम करत आणि मॅडम दिसल्या की नुसते उठून उभे राहत. आईसाठी ती जर्मनीहून परत आली होती. यंदा होळीच्या आधी आईही गेली. आता घरात आवाज असतो तो फ्रीजचा. हिमानी फार एकटी पडली होती. या दारातल्या थोड्याशा बोलण्यावर तिचा अख्खा दिवस निघत होता, आणि आज तेही चुकलं.

"बरं, उद्या येते," असं म्हणून ती वळली.

"थांबा," आशाबाईंनी पदर खोचला. "द्यायचं नसतं, पण मला यायला कोन नाय म्हनतं? या दिसांत दही नुसतं हवेवर लागतं. तुमचंच का लागंना? चला, आज सोक्षमोक्षच लावू."

"नको हो काकू. गुडघे दुखतात तुमचे."

"समोर तर दार हाय."

"घरात पसारा आहे सगळा."

"घरोघरी मातीच्या चुली."

पीएचडीच्या तोंडी परीक्षेत मोठमोठ्या प्राध्यापकांनी घेरलं होतं, तेव्हाही हिमानीला उत्तर सुचलं होतं. आज ती नुसती दाराकडे धावली. आशाबाई अनवाणीच पुढं झाल्या, स्वयंपाकघरात शिरल्या आणि "कालचं भांडं कुठंय?" म्हणत त्यांनी फ्रीज उघडला.

फ्रीज दह्यानं भरलेला होता. वाट्या, डबे, पातेली, आईचा दुधाचा गंज. सगळ्यांत घट्ट कवडी दही. एकटं माणूस खाऊन खाऊन किती खाणार? खालच्या कप्प्यातलं तर आंबून गेलं होतं. आशाबाईंनी एक वाटी तिरपी करून पाहिली. दही हललं नाही. दुसरी केली. तेही हललं नाही.

हिमानी ओट्याला टेकून फरशीकडे बघत राहिली. आई गेल्यावर ती पहिल्यांदा वाटी घेऊन गेली, तेव्हा तिला विरजण खरंच हवं होतं. दही सुरेख लागलं. संध्याकाळी समोरच्या दारात जायला काही निमित्तच उरलं नाही, म्हणून ती खोटं बोलली. मग रोजच बोलत गेली. आता काकू रागावतील. तात्यासाहेब हसतील, चार घरी सांगतील. उद्यापासून कोणत्या तोंडानं त्या दारात उभं राहायचं? तिचे डोळे भरून आले. या वयात, या शालीसकट.

आशाबाईंनी खालच्या कप्प्यापर्यंत सगळी भांडी पाहून घेतली. मग त्यांनी हातातली वाटी होती तिथं ठेवली आणि फ्रीजचं दार हळूच लावून घेतलं.

तेवढ्यात समोरच्या घरातून तात्यासाहेबांचा आवाज आला. "काय गं, लागलं का दही?"

आशाबाईंनी हिमानीकडे एकवार पाहिलं आणि तिथूनच ओरडून सांगितलं, "कुठलं लागतंय! पोरीला उद्या बी यावंच लागंल."