सात धरणं, एक प्रश्न

“स्क्रीन कोरी राहिली, तर जुनाच प्रोग्राम ठेवू,” म्हणत पाटबंधारे विभागाच्या पाटणकर सरांनी चाचणीसाठी सातव्या धरणाकडून येणारी केबल उपसली.

जुना प्रोग्राम धरणांना एकामागून एक पाणीपातळी विचारायचा. एक गप्प बसलं की सगळंच अडायचं. फिजिक्स शिकून इथे नोकरीला लागलेल्या मृण्मयीने महिनाभर खपून जावास्क्रिप्ट या संगणकीय भाषेत छोटी, स्वतंत्र फंक्शन्स लिहिली होती. ती फंक्शन्स सगळ्या धरणांना एकदम विचारत आणि उत्तर आलं नाही, तर तेही उत्तर म्हणूनच पुढे देत.

“फिजिक्सवाल्यांचे हट्ट!” मागून कुणीतरी हसलं.

तिने बटण दाबलं. दोन सेकंदांत सहा आकडे उमटले. सातव्या ओळीत लाल अक्षरं आली: ‘उत्तर नाही’.

सरांनी आणखी दोन केबल काढल्या. चार आकडे, तीन लाल ओळी.

“अजून चार आहेत, सर. काढा ना!” मृण्मयी म्हणाली.

सर हसत खुर्चीत बसले. “नको गं बाई. उद्यापासून नियंत्रण कक्षात हाच चालेल.”