तीनदा पडलेला पूल

"पहिल्यांदा पडला तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं," सुतारकाका म्हणाले. "ही माहेरी निघालेली. सकाळी बघतो तर मधला भाग नदीत."

इंजिनीअरबाईंनी लिहून घेतलं. लाकडी पूल पुढच्या महिन्यात उतरवणार होते. त्याआधी त्याचा इतिहास नोंदवायला त्यांना पाठवलं होतं. या काठावर हे एकच घर. पलीकडे जायला दुसरी वाट नाही. बेचाळीस वर्षं काकांनीच पूल सांभाळलेला.

"आणि दुसऱ्यांदा?"

"हिला पलीकडच्या शाळेत नोकरी लागली, त्या आठवड्यात. तिसऱ्यांदा हिची बहीण आजारी होती. नदीला हिचंच काय वावडं, कोण जाणे." ते हसले. "जुना फोटो आहे, थांबा," म्हणत माडीवर गेले.

काकू खिडकीपाशी शर्टाला बटण लावत होत्या. बाईंनी वही मिटली आणि खुर्ची जवळ ओढली.

"काकू, मागच्या शेडमधल्या जुन्या तुळया पाहिल्या मी. पाण्यानं मोडलेलं लाकूड पिंजतं. त्या तिन्ही खालून कापलेल्या आहेत."

काकूंची सुई थांबली नाही.

"तुम्हाला इथे अडकवून ठेवलंय," बाई म्हणाल्या. "माझी गाडी पलीकडे उभी आहे. तुमचं कुणी असेल तिथे सोडते. आत्ता चला."

"त्यांनी नाही," काकू म्हणाल्या. "मी कापल्या."

बाई खुर्चीत मागे सरकल्या.

"मी माहेरी गेले की हे बंदरावर होड्या बांधायला जाणार होते. कायमचे. पलंगाखाली पेटी भरून ठेवलेली. मला पत्ता लागणार नाही असं वाटलं त्यांना. पण मोडका पूल टाकून हा माणूस हलायचा नाही, एवढं मला ठाऊक होतं."

"आणि तुमची नोकरी? बहीण?"

"तेव्हाही पेटी भरलेलीच होती." काकूंनी बटणाभोवती दोरा गुंडाळला. "बहीण शेवटची भेटली नाही."

जिन्यावर काकांची पावलं वाजली. बाईंनी आवाज आणखी खाली आणला. "काकांना कधीच कळलं नाही?"

काकूंनी दातानं दोरा तोडला.

"सुतार आहेत ते. दुसऱ्या वेळी मी शेडमध्ये गेले, तर करवतीला नुकतीच धार लावलेली. आणि शेजारी, मी पाण्यात पडू नये म्हणून, कमरेला बांधायचा दोर."